‘वर काय आणि खाली काय’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘त्रयस्थ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकांनी माझ्या मागील लेखावर सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. परदेशी ग्राहकाचे हिशेब टॅलीसारख्या आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवताना ताळेबंदातील खातेगटांचा (भांडवल, देणी, मालमत्ता वगैरे) क्रम त्या देशाच्या रिवाजानुसार आधीच लावून घ्यावा आणि त्यासाठी खात्यांना क्रमांक कसे द्यावेत, एवढाच त्या लेखाचा विषय होता. त्यांचे आक्षेप चार आहेत. ‘भारतीय पद्धत’ म्हणून मी एकच क्रम सांगितला, क्रम बदलायचा तर अहवालात बदलावा, खात्यांच्या क्रमांकांना हात लावू नये, लेख लांबला, आणि चौथा त्यांच्याच शब्दांत देते: ‘बेरीज जुळली की झाले, वर काय आणि खाली काय हा सजावटीचा प्रश्न आहे. टॅलीपलीकडे जग न पाहिलेल्या लेखक महाशयांनाच तो एवढा मोठा वाटू शकतो.’

पहिला आक्षेप मला मान्य आहे, म्हणजे जेवढा आहे तेवढा. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ३ मधील विभाग १ नुसार भागभांडवल आणि देयता (म्हणजे देणी) आधी येतात व मालमत्ता नंतर. इंड एएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांच्या धर्तीवरील भारतीय लेखामानके, लागू असलेल्या कंपन्यांसाठीच्या विभाग २ मध्ये मात्र मालमत्ता आधी येते. हे एक वाक्य लेखात असते तर बरे झाले असते, आणि आता ते घातले आहे. माझे बहुतेक वाचक लहान प्रायव्हेट कंपन्यांची आणि भागीदारी संस्थांची कामे करतात, त्यांचा विभाग २ शी क्वचितच संबंध येतो, हेही येथेच नोंदवते.

आता त्या चौथ्या आक्षेपाकडे वळते. मी महाशय नाही, हा मुद्दा सोडून देऊ. परंतु ज्या विषयात आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, त्यात ‘जग पाहिलेले नाही’ असे कोणी परस्पर ठरवून टाकले, तर मी काय पाहिले ते सांगणे मला भाग आहे.

माझी उमेदवारी लक्ष्मी रोडवरच्या एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात झाली. तेथे गृहनिर्माण संस्थांचे ताळेबंद महाराष्ट्र सहकारी संस्था नियम १९६१ मधील नमुना ‘एन’ प्रमाणे तयार होत असत, म्हणजे डावीकडे भागभांडवल, आणि उजवीकडे मालमत्तेत सर्वांत वर रोख व बँकेतील शिल्लक. शेजारच्या टेबलावर कंपन्यांचे काम चाले आणि तेथे मालमत्तेची सुरुवात जमीन, इमारत, यंत्रसामग्री अशी होई. बँकांचा नमुना आणखी वेगळा. बँकिंग नियमन अधिनियम १९४९ च्या तिसऱ्या अनुसूचीत भांडवल, राखीव निधी आणि ठेवी आधी येतात, मालमत्तेत रोख आणि रिझर्व्ह बँकेतील शिल्लक पहिली, तर स्थिर मालमत्ता पार खाली, शेवटून दुसरी. ज्याने बँकेत पैसे ठेवले आहेत त्याला मागितल्यावर ते मिळतील की नाही याची चिंता असते, बँकेची इमारत केवढ्याची आहे याची नसते. क्रम ठरतो तो वाचणाऱ्याच्या पहिल्या प्रश्नावरून. परदेशाचे राहू द्या, हे सगळे मला पुण्यातल्या एकाच खोलीत शिकायला मिळाले.

पुढे परदेशी ग्राहकांची कामे आली. अमेरिकेत रोखीपासून उतरता क्रम असतो. तेथील रोखे आयोगाच्या नियमावलीतील ताळेबंदाची यादीच रोखीपासून सुरू होते, आणि क्विकबुक्स या तिकडच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही मालमत्तेत आधी बँक खाती, मग ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम, आणि स्थिर मालमत्ता त्यानंतर. ब्रिटनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या नमुन्यात याच्या उलट स्थिर मालमत्ता वर, त्याखाली चालू मालमत्ता, त्यातून वर्षाच्या आत द्यायची देणी वजा, आणि भांडवल व राखीव निधी तळाशी. गंमत अशी की देयता डावीकडे आणि मालमत्ता उजवीकडे हे आपले वळण ब्रिटिशांचेच. १८६२ च्या त्यांच्या कंपनी कायद्याला जोडलेला नमुना ताळेबंद तसाच होता. युरोपीय समुदायाच्या १९७८ च्या चौथ्या निर्देशानुसार ब्रिटनने १९८१ मध्ये कायद्याने नमुने ठरवले, ते मालमत्तेपासून सुरू होणारे. आपल्याकडे १ एप्रिल २०११ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी जुन्या कंपनी कायद्याची सुधारित अनुसूची ६ आली आणि कंपन्यांपुरती डावी-उजवी बाजू संपली, पण भांडवल वरच राहिले. टॅलीच्या पडद्यावर आजही आपोआप देयता डावीकडे दिसतात. एफ१२ ही कळ दाबून मालमत्ता आधी आणता येते, उभी मांडणीही करता येते, हे टॅलीपलीकडे जग पाहिलेल्यांना बहुधा ठाऊक असेल.

आणि ‘बेरीज जुळली की झाले’? चाकणच्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी काही काळ काम केले. मूळ कंपनी जर्मन होती. जर्मन व्यापारी संहितेच्या कलम २६६ नुसार ताळेबंदाच्या भांडवल-देयता बाजूवर आधी स्वभांडवल, मग तरतुदी (रक्कम किंवा वेळ नक्की न ठरलेल्या देण्यांसाठी धरलेल्या रकमा), मग देणी येतात. टॅलीत आधी भांडवल, मग कर्जे, मग चालू देणी येतात, आणि तरतुदींचा गट चालू देण्यांच्या पोटात असतो. मूळ कंपनीला पाठवायच्या तक्त्यात कोणीतरी टॅलीचा रकाना उचलून ओळीसमोर ओळ असा जसाच्या तसा चिकटवला. पहिली ओळ बरोबर बसली. दुसऱ्या ओळीत बँकेचे मुदत कर्ज तरतुदींसमोर जाऊन बसले, आणि बोनस व ग्रॅच्युइटीच्या खऱ्या तरतुदी तिसऱ्या ओळीत व्यापाऱ्यांच्या देण्यांत मिसळल्या. दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळत होत्या. एवढी मोठी तरतूद कसली, असे तिकडून विचारणारे पत्र आले तेव्हा कोठे उलगडा झाला. (तो तक्ता माझ्या हातून गेलेला नव्हता, पुढील प्रतिक्रियेचे श्रम वाचावेत म्हणून सांगते.) सजावटीच्या प्रश्नामुळे असे होत असेल, तर ती सजावट भलतीच महाग पडते, नाही का?

उरलेल्या आक्षेपांवर फार शाई खर्च करण्याचे कारण दिसत नाही. लेख लांब वाटला, तर तो वाचण्याची सक्ती कोणी केलेली नव्हती. खात्यांच्या क्रमांकांना हात लावू नये म्हणता, तर जर्मनीत एसकेआर०३ आणि एसकेआर०४ असे खाते-क्रमांकांचे दोन ठरीव आराखडे सर्रास चालतात, पहिल्यात बँक खाते १२०० या क्रमांकावर आणि दुसऱ्यात १८०० वर, आणि दुसरा आराखडा मुळात ताळेबंदाच्या क्रमानेच रचलेला आहे. म्हणजे क्रमांकांतून क्रम साधणे हा काही माझ्या डोक्यातून निघालेला उद्योग नव्हे. फ्रान्समध्ये खात्यांचा पहिला वर्ग भांडवलाचा, पण छापील ताळेबंद मालमत्तेपासून सुरू होतो. तेव्हा क्रमांक आणि मांडणी निराळी ठेवता येते, असे यावरून आपण म्हणाल. म्हणा. चालू वर्षाच्या मध्यावर क्रमांक बदलले तर मागील वर्षाशी तुलना करताना गोंधळ होतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले आहे, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच ‘हे काम पहिली नोंद करण्यापूर्वी करावे’ असे मी मूळ लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते. ते वाक्य आपल्या नजरेतून सुटले असावे. आता ठळक अक्षरांत केले आहे.