‘चोरीचा माल’ म्हणालात, म्हणून हे सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. आमच्याकडून आठ तयार ब्लॉगचं पॅकेज १६,५०० रुपयांना घेतलं, दोन महिने झाले तरी आठही मिळून दिवसाला पाच-सहा वाचक, अ‍ॅडसेन्सनं, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गुगलच्या सेवेनं, नाकारलं, फोन उचलत नाहीत आणि लेख म्हणजे ‘चोरीचा माल’, असं तुम्ही लिहिलंय.

आधी आमच्या चुका. गणपतीत सलग तीन दिवस तुमचा फोन उचलला गेला नाही. दुसरी चूक मोठी आहे. वर्डप्रेस या ब्लॉग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’खाली सर्च इंजिनांना दूर ठेवणारी एक टिक असते. काम चालू असताना आम्ही ती मुद्दाम लावतो आणि ताबा देताना काढतो. तुमच्या दोन ब्लॉगांवर ती १९ दिवस तशीच राहिली. दोन्ही गोष्टींबद्दल मनापासून माफी मागतो. पण बाकीच्या सहा ब्लॉगांवर ती टिक ताबा दिल्याच्या पहिल्या दिवसापासून नव्हती आणि वाचक तिथेही तितकेच आहेत, हेही तुम्ही बघावं.

आता ‘चोरी’. हा शब्द फार लागला, सर. तीन माणसांचं पोट या कामावर आहे. आमचं नाव शोधलं की तुमचा अभिप्राय सगळ्यात वर येतो आणि दसऱ्याला सुरू व्हायची दोन कामं त्या ग्राहकांनी थांबवली आहेत. म्हणून हे सगळ्यांसमोर नीट सांगणं भाग आहे.

पॅकेजमधले लेख पीएलआर, म्हणजे प्रायव्हेट लेबल राइट्सचे आहेत. लिहिणारा एकच लेख अनेकांना परवान्यासह विकतो. प्रत्येक झिप फोल्डरमध्ये लायसन्सची टेक्स्ट फाईल असते. लेख बदलता येतो का, स्वतःचं नाव लावता येतं का, तयार साइटसोबत पुढे देता येतो का, हे तिच्यात लिहिलेलं असतं. पुढे देण्याची परवानगी असलेलेच पॅक आम्ही घेतो आणि तुमच्या आठही फोल्डरांत ती फाईल आहे. एक वाक्य अवतरण चिन्हांत टाकून शोधलं आणि तेच वाक्य दहा साइटवर सापडलं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. ते सापडणारच. तो लेख त्या दहा जणांनीही विकतच घेतलेला आहे. लेख विकत घेतल्यानं छापायचा हक्क मिळतो, पण लेख एकमेव होत नाही. म्हणूनच ऑर्डर फॉर्मच्या चौथ्या मुद्द्यात ‘प्रकाशित करण्यापूर्वी लेख स्वतःच्या शब्दांत नव्यानं लिहिणे आवश्यक’ असं ठळक अक्षरांत आहे आणि त्याखाली तुमची सही आहे.

आम्ही दर ब्लॉगवर २५ लेख दिले. त्यातले तीन आमच्याकडून पुन्हा लिहून प्रकाशित केलेले आणि २२ ड्राफ्टमध्ये, म्हणजे अप्रकाशित, इंग्रजीत, कच्चा माल म्हणून. म्हणजे एकूण २४ लेख चालू आणि १७६ ड्राफ्ट. आज लॉगिन करून ‘ऑल पोस्ट्स’ उघडलं तर टेरेस गार्डनच्या ब्लॉगवर २२ ओळी एकाखाली एक दिसतात आणि सगळ्यांवर तारीख एकच, वेळही एकच, रात्री ११:४७. म्हणजे सगळे निवडून, बल्क एडिटमधून एका झटक्यात प्रकाशित केलेले. बाकीच्या सात ब्लॉगांवरही पुढच्या वीस मिनिटांत तेच झालंय.

‘मी स्वतः मराठीत भाषांतर केलं होतं, तरी गुगलनं घेतलं नाही’ असंही तुम्ही म्हणता. सर, त्यातला टोमॅटोचा लेख उघडून बघा. ‘शेवटचे दंव पडून गेल्यावर दोन आठवड्यांनी रोपे बाहेर लावा. रात्रीचे तापमान ५० अंशांच्या वर असावे. पाच गॅलनची बादली वापरा.’ मूळ लेख अमेरिकेतल्या परसबागेसाठी होता. ते ५० अंश फॅरनहाइट होते, म्हणजे आपले १० अंश सेल्सिअस. फॅरनहाइट हा शब्द भाषांतरात गळला आणि मराठी लेखात रात्रीचं तापमान ५० अंश झालं. सोलापूरच्या गच्चीवर टोमॅटो लावणारी बाई दंवाची वाट बघत नाही. तिला खरिपाची रोपं जून-जुलैत आणि रब्बीची सप्टेंबर-ऑक्टोबरात लावायची, एप्रिल-मेच्या उन्हात फूलगळ कशी थांबवायची आणि रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीला तळाशी भोकं किती पाडायची, हे हवं असतं. यातलं एकही लेखात नाही. तिनं पान उघडलं तरी चार ओळींत बंद करेल.

गुगलचंही यात गूढ काही नाही. सारखा मजकूर अनेक ठिकाणी असला की गुगल सहसा त्यातलं एक पान निवडून दाखवतं आणि बाकीची मागे ठेवतं. दोन महिन्यांच्या डोमेनची निवड होण्याची शक्यता फार कमी. फेब्रुवारी २०११ मध्ये पांडा अपडेट आलं, म्हणजे निकालांचा क्रम लावायची पद्धत गुगलनं बदलली, तेव्हापासून पातळ मजकुराच्या साइट खाली गेल्या. मार्च २०२४ मध्ये गुगलनं स्पॅमच्या धोरणात ‘स्केल्ड कंटेंट अब्यूज’ हे कलम घातलं. वाचकाला फारसं काही न देता, रँकिंगसाठी ढिगानं पानं काढणं त्यात बसतं. दुसऱ्याचा मजकूर शब्द फिरवून किंवा भाषांतर करून वापरणंही त्यात नाव घेऊन सांगितलेलं आहे. एका रात्रीत भाषांतराची १७६ पानं टाकली तर आमच्याच काय, कोणाच्याही लेखांचं हेच होईल.

सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे कुठली पानं यादीत घेतली हे दाखवणाऱ्या गुगलच्या साधनात, तुमची बहुतेक पानं ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ या खान्यात आहेत. ‘डिस्कव्हर्ड’ लिहिलेलं असतं तर पत्ता कळलाय, पान अजून आणलेलं नाही, एवढाच अर्थ असता आणि थांबून चाललं असतं. ‘क्रॉल्ड’ म्हणजे गुगलनं पान नेलं आणि तरी यादीत घेतलं नाही. तिथे रोज ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’, म्हणजे पान यादीत घ्यायची विनंती, दाबून उपयोग नाही, मजकूरच बदलावा लागतो.

एक बारीक गोष्ट जाता जाता सांगतो, मराठीत ब्लॉग करणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल. ड्राफ्टचा स्लग, म्हणजे पानाच्या पत्त्याचा शेवटचा भाग, रिकामा असतो आणि प्रकाशित करताना तो शीर्षकावरून आपोआप बनतो. शीर्षक देवनागरीत असेल तर प्रत्येक अक्षर, काना, मात्रा यांची आत नऊ-नऊ चिन्हं होतात. वर्डप्रेसमध्ये स्लगला जागा २०० चिन्हांची, म्हणजे साधारण २२ अक्षर-मात्रांनंतर पत्ता तुटतो. तुमच्या ‘टोमॅटोच्या रोपांची काळजी’ने सुरू होणाऱ्या चार लेखांचे पत्ते एकाच जागी तुटलेत आणि शेवटी फक्त २, ३, ४ असे आकडे लागलेत. स्लग इंग्रजी अक्षरांत, तीन-चार शब्दांचा, हातानं लिहायचा.

अ‍ॅडसेन्सनं कारण ‘लो व्हॅल्यू कंटेंट’, म्हणजे कमी मोलाचा मजकूर, असं दिलंय. मराठीला अ‍ॅडसेन्स चालतं, त्यामुळे भाषेचा प्रश्न नव्हता. शिवाय खातं एकच असलं तरी प्रत्येक साइट वेगळी तपासली जाते. तुम्ही आठही एकाच दिवशी पाठवल्यात. मंजुरी मिळाल्यावरही १० डॉलर जमले की पत्ता पडताळायचा पिन पोस्टानं येतो आणि १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. महिन्याला वीस हजार मिळतील असं सांगितल्याचं तुम्ही म्हणता, पण तो आकडा आमच्याकडून कोणीही दिला नव्हता. आमच्या जाहिरातीत ‘तयार ब्लॉग’ असे शब्द आहेत. त्यातल्या ‘तयार’वरून तुमचा गैरसमज झाला असेल तर तेवढा दोष आम्ही घेतो.

अजून वेळ गेलेली नाही. आठातले दोनच ठेवा, ज्या विषयात तुमचा हात आहे ते. टेरेस गार्डनचे फोटो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होता, तो एक ठेवाच. दोन्हीवर आम्ही लिहिलेले तीन-तीन लेख राहू द्या, बाकीचे बल्क एडिटमधूनच परत ड्राफ्टमध्ये न्या. पत्ते ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं उत्तर देऊ लागले की ते गुगलच्या यादीतून हळूहळू गळतात, घाबरू नका. मग आठवड्याला दोन लेख, मूळ इंग्रजी लेख फक्त मुद्द्यांसाठी समोर ठेवून, नव्यानं लिहा. महिने, मापं आणि भाव आपल्याकडचे घाला, निदान दोन फोटो स्वतः काढलेले लावा. लिहून झालेल्या पानापुरतीच रिक्वेस्ट टाका. एका साइटवर असे बारा-पंधरा लेख झाल्यावर त्या एकाच साइटसाठी अ‍ॅडसेन्सला पुन्हा अर्ज करा. पहिले दोन लेख आम्ही तुमच्यासोबत बसून, स्क्रीन शेअर करून, विनामूल्य लिहून देऊ.

ताबा देताना ती टिक तपासायची सोय आम्ही करतोय, फोनचंही सणासुदीला काहीतरी बघू आणि जाहिरातीतल्या त्या शब्दाचा विचार चालू आहे.

स्टार दोनच राहू द्या, सर. फोन उचलला नाही, टिक राहिली, हेही राहू द्या, ते खरं आहे. फक्त ‘चोरीचा माल’ हे दोन शब्द तेवढे काढावेत, ही विनंती. लायसन्सच्या आठही फाईल आज तुमच्या ईमेलवर पुन्हा पाठवल्या आहेत.