सिस्टीमला सिंगल दाखवत नाही म्हणे!

आज दहावा दिवस. मिनी ट्रॅक्टर गोठ्यापुढं दगडावर उभा आहे, पुढची दोन्ही चाकं काढलेली, एक्सल उघडा, वरून ताडपत्री. आणि सोयाबीनमध्ये गवत असं माजलंय की ओळ कुठली अन् गवत कुठलं, वाकून बघावं लागतं.

आधी घरचा आहेर. पुतण्यानं शेतातून येताना फोर-व्हीलचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा दांडा तसाच अडकवून ठेवला आणि डांबरीवरून पाच किलोमीटर पळवत आणला. शंभरदा सांगितलं होतं. फोर-व्हील लागलं की पुढची चाकं मागच्यापेक्षा नखभर जास्तच ओढतात. चिखलात चाक घसरतं आणि तो फरक निघून जातो. डांबरीवर घसरणार कुठं? सगळा पीळ पुढच्या एक्सलातल्या पिनियनवर, म्हणजे छोट्या दातेरी चाकावर. वेशीजवळ वळताना कडाक् झालं. "काका, मी कायच केलं नाही." नाही बाबा, तू कशाला करशील, त्यानं आपलं आपणच तोडून घेतलं!

मिस्त्रीनं तेल सोडलं तर तेलाबरोबर तीन दाते बाहेर. आणि तेल कसलं, दुधाचा चहा! ऑइल सील, म्हणजे तेल आत धरून ठेवणारी रबरी कडी, कधीचं गेलेलं, चिखलाचं पाणी आत शिरत होतं. ही चूक माझी, मान्य. शे-दोनशेचं सील वेळेवर बदललं असतं तर... जाऊ दे.

तर पिनियन हातात घेऊन लातूरचं शोरूम गाठलं, सुटं पिनियन मागितलं. काउंटरवरच्या पोरानं पिनियनकडं बघितलंसुद्धा नाही. संगणकात डोकं घालून म्हणतो, "सर, सिस्टीमला सिंगल दाखवत नाही."

बरं बाबा, क्राऊन म्हणजे पिनियन ज्याला फिरवतं ते मोठं दातेरी चाक, ही जोडीनंच घ्यावी हे मलाही कळतं. दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, नव्या पिनियनला जुना क्राऊन बसवला की घरघर सुरू. दे जोडी. तर जोडी पण नाही! अख्खी असेंब्ली घ्या. हाउसिंग घ्या, डिफरन्शियल घ्या, बेअरिंग घ्या, सगळं घ्या. ३८ हजार. आणि ते पुण्याहून येणार, आधी पैसे भरायचे. कधी येणार? "आठ-पंधरा दिवस धरून चला सर." का? शर्टाची गुंडी तुटली तर शिंपी अख्खा शर्ट शिवून देतो का रे?

मी म्हटलं, बेअरिंग तरी नको, माझी मी आणतो. तर म्हणे, "ते कंपनीचंच लागतं, बाहेर मिळत नाही." अरे त्या बेअरिंगवर ३०२०६ कोरलंय! शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे आतून ३० मिलिमीटर. बाहेरून ६२. गंजगोलाईकडून मोंढ्यापर्यंत कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात हा नंबर सांगितला की चहा यायच्या आत डबी समोर येते. मी आणून त्याच काउंटरवर ठेवली. पोरगं म्हणतं, "मग वॉरंटी बसणार नाही." वॉरंटी संपून वर्ष झालं, लेकरा!

मिस्त्री वेगळाच. "मालक, दाते वेल्डिंगनं भरून देतो, घासून घेऊ, पळतंय." पळतंय! पिनियनचा दाता वरून कडक केलेला असतो, त्याला वेल्डिंगची आच लागली की तो कडकपणा गेला आणि कडेला तडा आला. पहिल्याच चढाला तुकडे आत पडणार आणि क्राऊनचीही वाट. मग खरंच असेंब्ली घ्यावी लागेल. कधीकधी वाटतं ह्या दोघांचं आपसात ठरलेलंच आहे.

मधला मार्ग म्हणून पुढं जाणारा शाफ्ट सोडला, तुकडे काढून घेतले, चाकं लावली, म्हटलं नुसत्या मागच्या चाकांवर उरकू. आपली काळी माती! पहिल्याच फेरीला रुतून बसला. शेजारच्या मोठ्या ट्रॅक्टरनं ओढून काढला आणि सोयाबीनच्या चार ओळी गेल्या त्या वेगळ्याच. परत चाकं काढून दगडावर!

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा शोरूमबाहेर केवढे फलक लागले होते. विकायला सगळे हसतमुख, नारळ काय, हार काय, मालकिणीला साडी काय. एका पिनियनसाठी मात्र तोच माणूस ओळख देत नाही.

दुसरी कोळपणी, म्हणजे ओळींमधलं गवत काढणं, तिसाव्या-पस्तिसाव्या दिवसाच्या आत झाली पाहिजे. बिघडला तेव्हा पीक २५ दिवसांचं होतं, आज ३५. मधे दोन दिवस काय सुंदर वाफसा आला होता, कोळपायला हवी तेवढीच ओल! मी ते दोन्ही दिवस फोनवर होतो. काल बायकांना खुरपायला सांगितलं, तर सगळ्या गावाला एकदमच बाया पाहिजेत. अण्णांच्या बैलजोडीचा नंबर परवा लागतोय, तोही पाऊस नाही आला तर.

शेवटी असेंब्लीचेच पैसे भरलेत. सकाळी शोरूमला परत फोन लावला. "सर, माल निघालाय." कुठून निघालाय? "ते सिस्टीमला दाखवत नाही."

आणि पुतण्या पारावर बसून सांगतोय, काकाच्या ट्रॅक्टरचा मालच हलका.