रोज रात्री रीस्टार्ट मारून मोंगोब्लीड जात नाही

"मोंगोडीबीच्या त्या बातमीला घाबरू नका. पासवर्ड बदला, रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करा, अँटीव्हायरस चालू ठेवा. अपडेट अजिबात करू नका, डेटा उडतो. आणि कोल्हापूरकडं कोण हॅकर बघतोय?"

हा मेसेज व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवरून फिरत माझ्या दाजींपर्यंत पोचला. बातमी मोंगोब्लीडची: मोंगोडीबी या डेटा साठवायच्या सॉफ्टवेअरमधला दोष, ज्यातून सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेर फुटतो. मार्केट यार्डात त्यांची गुळाची अडत आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) आणि बँक खात्यांचे नंबर भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवरच्या मोंगोडीबीत आहेत. दाजींनी रात्री अकराचा रीस्टार्ट लावूनही टाकला. वर मला विचारतात, "आता झालं न्हवं?" नाही दाजी, काहीच झालं नाही.

पासवर्डाचा सल्ला सगळ्यात घातक. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या या दोषाला, नोंदीत सीव्हीई-२०२५-१४८४७ असा क्रमांक असलेल्या मोंगोब्लीडला, लॉगिनच लागत नाही. झेडलिब या डेटा दाबून लहान करायच्या पद्धतीनं दाबलेला संदेश सर्व्हरकडं येतो, तेव्हा 'उघडल्यावर माझी लांबी एवढी' हे हेडरमध्येच, म्हणजे संदेशाच्या सुरुवातीच्या माहितीत, लिहिलेलं असतं. सर्व्हर तेवढी मेमरी राखतो. पाठवणाऱ्यानं लांबी फुगवून लिहिली, तरी आतून खरे किती बाइट निघाले हे न बघता सर्व्हर सांगितलेलीच लांबी धरून चालतो. मग उरलेल्या जागेत आधीच्या कामाचं जे पडलेलं असेल, ते उत्तरातल्या एररमधून बाहेर जातं. यार्डात सांगायचं तर, गुळाच्या दहा रव्यांची (ढेपांची) जागा मागितली, ठेवले दोनच, आणि जाताना दहाच्या दहा उचलले. आठ दुसऱ्याचे! हे सगळं सर्व्हरनं पासवर्ड विचारायच्या आधी.

त्या मेमरीत पासवर्ड असू शकतात, क्लाउडच्या किल्ल्या असू शकतात, खातेदारांच्या नोंदी असू शकतात. म्हणजे भोक न बुजवता पासवर्ड बदललात, तर नवा पासवर्डही त्याच वाटेनं जाऊ शकतो. आधी पॅच, म्हणजे दोष बुजवणारं अपडेट, मग पासवर्ड. मेसेजनं पॅच करूच नका म्हणून सांगितलंय, म्हणून चीड येते.

रीस्टार्टनं जुनी मेमरी सुटते, एवढं खरं. सकाळी सौदे निघाले, पट्ट्या पडू लागल्या की ती परत भरते. अँटीव्हायरसचा इथं संबंधच नाही, हल्लेखोर तुमच्या डिस्कवर एकही फाइल ठेवत नाही.

"कोल्हापूरकडं कोण बघतोय?" कुणीच बघत नाही, प्रोग्रॅम आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे मशिनांचे नंबर, चाळत सुटतात. २५ जानेवारी २००३ ला एसक्यूएल स्लॅमर असाच यदृच्छेने पत्ते काढत पसरला. जेमतेम ३७६ बाइटांचा तो वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, आणि दहा मिनिटांत धोक्यातले बहुतेक सर्व्हर त्यानं गाठले. तोही मेमरीचाच दोष होता, आणि त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टनं सहा महिने आधी देऊन ठेवला होता.

अपडेटची भीती मात्र अगदीच खोटी नाही. बॅकअप न घेता घाईनं थेट मोठ्या आवृत्तीवर उडी मारली की सॉफ्टवेअर अडकतं. पण इथं तशी उडी मारायची गरजच नाही. मोंगोडीबीच्या ७.० आवृत्तीवर असाल तर ७.०.२८, ८.० वर असाल तर ८.०.१७. बॅकअप घ्या आणि चढवा. आजच जमत नसेल तर झेडलिब कॉम्प्रेशन बंद करा आणि मोंगोडीबीचं २७०१७ पोर्ट (सर्व्हरशी जोडायचं दार) बाहेरच्या जगाला बंद ठेवा. सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून आवृत्ती विचारा. ४.२ किंवा त्याहून जुनी सांगितली, तर तिला दुरुस्ती आलेलीच नाही, वरच्या मालिकेवर जावंच लागेल.