'सांगलीकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सांगलीकर,

फिल्म स्कॅनिंगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "स्कॅनमध्ये नुसते दाणे दिसतात. २००० सालचा ३ मेगापिक्सलचा डिजिटलसुद्धा त्याहून स्वच्छ होता. म्हाताऱ्यांना जुनं ते सोनं वाटणारच." शिवाय धूळ, रोलचा खर्च वगैरे. (दाणे म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, फोटो मोठा केला की दिसतात ते.)

मतभेदाचं काही नाही हो. पण टोपणनावाआडून दुसऱ्याचं वय काढायचं ही कुठली रीत? साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका स्टुडिओत हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, वासात मी उमेदवारी केली, आणि तिथे पहिला डिजिटल आला तेव्हा तो माझ्याच गळ्यात पडला. ऐकीव लिहीत नाही.

एक मान्य. पोस्टकार्ड साइजला तो ३ मेगापिक्सलचा कॅमेरा पुरून उरायचा. २०४८ बाय १५३६ पिक्सल तेवढ्या प्रिंटला भरपूर झाले.

पण 'स्वच्छ' म्हणजे काय? ३५ मिमीची फ्रेम २७०० डीपीआयने (इंचाला २७०० ठिपके) स्कॅन केली की पावणेदहा मेगापिक्सलच्या आसपास जाते. त्यातलं सगळंच कामाचं नसतं, दाणेही त्यातच आले, हे मला शिकवू नका. कासच्या पठारावर एकाच स्टँडवरून फिल्मच्या आणि डिजिटल अशा दोन्ही कॅमेऱ्यांनी घेतलेले फोटो माझ्याकडे आहेत. १२ बाय १८ इंचाला मोठे केले की निगेटिव्हमधून तेरड्याच्या गुलाबीत सोनकीचं एकेक पिवळं फूल सुटं दिसतं, दाण्यांसकट. डिजिटलमध्ये तिथे गुलाबी-पिवळा लगदा, आणि धुक्यावरचं आभाळ कोरं पांढरं. डिजिटलमध्ये फिल्मच्या जागी जो सेन्सर असतो, त्याचा प्रत्येक पिक्सल लाल, हिरवा, निळा यातला एकच रंग टिपतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात. बारीक फुलांवर तो अंदाज चुकतो. दाणे नाहीत, खरंय. फुलंही नाहीत.

तुम्ही पाहिलेत ते स्कॅन बहुधा रोल धुताना लॅबवाल्याने सीडीवर टाकून दिलेले असणार. त्यात शार्पनिंग (कडा ठळक करणं) एवढं मारलेलं असतं की दाणा मोहरीएवढा होतो. तो दोष फिल्मच्या माथी का?

धुळीचं म्हणाल तर रंगीत निगेटिव्हवर स्कॅनरची इन्फ्रारेड सफाई चालते, म्हणजे तो अदृश्य प्रकाशाने धूळ हेरून पुसतो. कृष्णधवलमध्ये चित्रच चांदीच्या कणांचं असतं, त्या चांदीपुढे ती चालत नाही, तिथे ब्रश घेऊन बसावं लागतं. बसतो. खर्च हा लेखाचा विषयच नव्हता.

साताऱ्याला आलात तर निगेटिव्ह दाखवीन. येताना तुमच्या त्या कॅमेऱ्याची मूळ फाइल आणा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली नको.