कोल्हासुराचं नाव आपल्या पत्त्यात आहे

काल तालमीत अकरावीतलं एक पोरगं माझ्याशी वाद घालत बसलं. एकांकिका त्यानंच लिहिलीय. त्यात एक सावकार आहे, पहिल्या प्रवेशापासून पडदा पडेपर्यंत नुसता वाईट. मी विचारलं, हा असा का झाला रे? तर म्हणाला, "मॅडम, तो व्हिलन हाय. त्याला कारण कशाला पायजे?"

रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

वीर, गुरू, खलपुरुष, सोंगाड्या, रुसलेली सखी. गोष्टीगोष्टीतून पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या या माणसांना आपल्या समीक्षेत आदिबंध म्हणतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं त्यांचं मूळ माणसाच्या सामूहिक मनात शोधलं. लोककथांचा अभ्यासक व्लादिमीर प्रॉपनं १९२८ साली रशियन अद्भुतकथा उकलून सात भूमिका काढून दाखवल्या. मला मात्र हे खरं कळलं ते आमच्या कोल्हापुरातल्या बापट कॅम्पात, कुंभारांच्या वस्तीत, गणपतीच्या दिवसांत. ओळीनं मांडलेल्या मूर्ती, सगळ्या एकाच साच्यातल्या. सोंड तीच, पोट तेच. मग कारागीर श्वास रोखून ब्रशचं बारीक टोक डोळ्यांवरून फिरवतो आणि त्या ओळीतला एकच गणपती आपल्याकडे बघायला लागतो. साचा सगळ्यांचा असतो, डोळ्यांची आखणी ज्याची त्याला करावी लागते. त्या पोराचा सावकार अजून बिनडोळ्यांचा आहे, एवढंच माझं म्हणणं होतं.

आणि कोल्हापूरच्या पोरानं "खलपुरुषाला कारण कशाला" म्हणावं, याचं मला फार वाईट वाटलं. आपल्या गावाचं नावच एका खलपुरुषाचं आहे! करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्याच, कथेत अंबाबाई कोल्हासुराला मारते, आणि मरताना तो मागतो काय, तर या जागेला माझं नाव राहू दे. देवी ते देते. ज्याच्याशी ती लढली, त्याचं नाव आपण आज आधार कार्डावर लिहितो.

ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर गेला असाल तर पुढचं माहीत असेल. कोल्हासुराच्या पोरानं, कामाक्षानं, देवांना मेंढरं करून टाकलं, तेव्हा त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, सगळ्यांना सोडवलं. पण विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली, टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली. मग अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. म्हणून अजून दरवर्षी पालखी टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. तो कोहळा म्हणजे कोल्हासुर. तो फुटला रे फुटला की तुकड्यासाठी जी झुंबड उडते, ती मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून बघितलीय. एके वर्षी बाबांना तळहाताएवढी फोड मिळाली. बियांसकट, ओली, रुमालात गुंडाळलेली. आजीनं ती देवाजवळ ठेवली. राक्षसाचा तुकडा, देवाजवळ!

एकटा कोल्हासुरच असा नाही. नरकचतुर्दशीला आपण अंगठ्याखाली कारीट चिरडतो, पण त्या दिवशीचं मंगलस्नान करणाऱ्याला नरकाची पीडा होऊ नये, हे मागणंही नरकासुराचंच. आणि बळी तर असुरच, तरी "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणत आपल्या आया ओवाळतात. जोतिराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त तर त्यालाच राजा केलं आणि वामनाला उलट्या बाजूला उभं केलं. साचा तोच, आखणी फिरवली, अख्खी गोष्ट फिरली.

सावकाराचंही तसंच. बाबूराव पेंटरांनी इथेच, कोल्हापुरात, १९२० साली 'सैरंध्री' हा सिनेमा काढला. त्यातला खल कीचक, महाभारतातला. पाचच वर्षांत त्याच माणसानं 'सावकारी पाश' काढला. आता पुराण गेलं, कर्ज आलं, गहाण जमीन आली, गाव सोडून गिरणीत गेलेला शेतकरी आला. मला तर सत्तेच्या जोरावर दुबळ्याला कोंडीत धरणारा कीचकच त्या सावकारात दिसतो. पण पेंटरांनी तो पुराणातून उचलून तसाच ठेवला नाही, आजूबाजूला बघून त्याला डोळे दिले. पुढे गावच्या सिनेमातला पाटील निळू फुल्यांनी उभा केला तेव्हाही तेच. आवाज न चढवता, मान किंचित तिरकी करून बोलायचे. सत्ता कधी गेलीच नाही अशा माणसाला ओरडावं लागत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. बायाबापड्या त्यांना खरोखर शिव्या घालायच्या. राष्ट्र सेवा दलात वाढलेला तो माणूस, त्याला ती सत्ता चांगली ओळखीची होती.

आता रात्री मालिका लावा. त्यातली जाऊबाई दुधात काहीतरी कालवते. का? तर कथा पुढं न्यायचीय. तिला काजळ दिलंय, भुवया दिल्यात, मागं ढोल दिलाय. तिची भूक, भीती, तिच्यावर पूर्वी झालेला अन्याय, काही म्हणजे काही नाही. हे लिहिणारे लोक हुशार आहेत, मला माहीत आहे. म्हणून तर जास्त राग येतो. हेच बघत आमची पोरं लिहायला बसतात.

मी त्या पोराला एवढंच सांगितलं, तुझ्या सावकाराला मरताना एक वर मागू दे, तो काय मागेल ते लिहून आण. आज दुपारी त्याचा मेसेज आला. "मॅडम, त्यो म्हणतोय, माझ्या वहीतली पहिली नोंद माझ्या बापाच्या नावाची हाय, तेवढी तरी फाडा."