होम ब्रँच

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबण लावतोय. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

आईला घेऊन बँकेत गेलो होतो, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला. वय ७८, गुडघे कामातून गेलेले, रिक्षातून उतरायलाच पाच मिनिटं. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "यांची होम ब्रँच कराडची आहे, तिकडे जावं लागेल." अरे बाबा, बाई समोर खुर्चीत बसलीय, तुझ्याकडेच बघतीय! पण नाही. ती कराडात हयात, पुण्यात नाही.

रागारागात घरी येऊन 'ब्रँच' शब्दाचं मूळ शोधलं. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला, फांदी म्हणून. त्याच्याही मागे लॅटिन 'ब्रांका', म्हणजे चक्क पंजा! जनावराचा. वाचून जरा बरं वाटलं. आपण 'शाखा' म्हणतो, किती सोज्वळ. वेदांच्या शाखा, नाक्यावरची पक्षाची शाखा, बारावीला विज्ञान शाखा, पेपरात रोज गुन्हे शाखा. सगळीकडे धरून चाललेलं असतं की खोड एकच आहे. मग या फांदीवरचं पाखरू त्या फांदीवर बसलं तर हाकलायचं कशाला?

आयएफएससी कोडात ११ अक्षरं असतात. पहिली ४ बँकेची, मग शून्य, शेवटची ६ शाखेची. म्हणजे आई कुठल्या फांदीची हे त्याला पुण्यात बसून दिसत होतं. दिसलं म्हणूनच तर परत पाठवलं! पैसे भरायला मात्र कुठलीही ब्रँच चालते हं.

मान्य, गेलेल्या माणसाची पेन्शन खाणारे महाभागही आहेत. त्या पोराच्या समोर वीस जणांची रांग होती, तेही मान्य. खुर्ची त्यानेच आणून दिली होती.

आणि २०१४ पासून 'जीवन प्रमाण' हा ऑनलाइन हयातीचा दाखला आहे, घरबसल्या होतं, हे कमेंटमध्ये शिकवू नका. आईच्या बोटांचे ठसे उठत नाहीत. जन्मभर भांडी घासल्यावर काय उठणार? आता चेहऱ्यावरूनही होतं, असं भाचा सांगतोय. फोन घेऊन लगेच आईपुढे बसलो.

तिने पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नको रे. तो होम ब्रँच म्हणाला ना, मग जाऊच. कराडला प्रीतिसंगमावर जाऊन किती दिवस झाले."

शनिवारी नेमका दुसरा शनिवार, बँक बंद. सोमवारची रजा टाकलीय.