डिकन्सच्या गाडीला भुताने पाडलं नाही आणि दारूनेही नाही

मावशीने तो फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा गप्प बसले, पण काल भाची तोच शाळेतल्या भाषणासाठी पाठ करत होती, मग राहवेना. त्यात म्हटलंय की 9 जून 1865 ला इंग्लंडात स्टेपलहर्स्टला गाडी पुलावरून पडली कारण रुळावरचे कामगार दारू पिऊन तर्र होते, गाडीत असलेल्या इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचं हस्तलिखित गेलं, त्याला तिथे भूत दिसलं, त्यावर त्याने 'द सिग्नल-मॅन' ही भुताची गोष्ट लिहिली, परत रेल्वेत पाय ठेवला नाही आणि 5 वर्षांनी त्याच तारखेला भुताने त्याला नेलं.

आधी दारूचं बघू. माझे आजोबा गँगमन, म्हणजे रुळांची दुरुस्ती करणारे कामगार होते म्हणून हे जास्तच झोंबलं. पुलाची लाकडं बदलायला रूळ काढलेले होते. गाडी बोटीच्या प्रवाशांची, बोट भरती-ओहोटी बघून येणार, म्हणून गाडीची वेळ रोज वेगळी. मुकादमाने शुक्रवारच्या जागी शनिवारची वेळ वाचली आणि त्याला वाटलं अजून दोन तास हातात आहेत. लाल झेंडेवाला 1000 यार्डांवर हवा, तर त्याला सांगितलं तारायंत्राचे 10 खांब मोज नि उभा राहा, आणि तिथले खांब नेमके जवळजवळ रोवलेले, तो 554 यार्डांवरच थांबला! ड्रायव्हरला इशारा द्यायला रुळावर लावायचे, चाकाखाली वाजणारे फटाके होते त्याच्याकडे, पण ते म्हणे धुकं असेल तरच वापर. ड्रायव्हरने ब्रेक मारून काय होणार होतं? 10 माणसं गेली. चूक मुकादमाची होतीच, पण यात दारू कुठून आणली?

हस्तलिखित गेलं वगैरे काही नाही. ते 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरीचं होतं, तिच्या शेवटी डिकन्स स्वतःच सांगतो की जमेल तेवढी लोकांना मदत करून तो तिरक्या लटकलेल्या डब्यात परत चढला आणि मिस्टर-मिसेस बॉफिनना बाहेर काढलं, मळले होते पण इजा नाही. बॉफिन म्हणजे कादंबरीतलं जोडपं, हस्तलिखितातलं! भुताचा तिथे एक शब्द नाही.

'सिग्नल-मॅन' 1866 ची, त्यात अपघात बोगद्यात होतो. स्टेपलहर्स्टला पूल होता. बोगद्यातला अपघात 1861 चा, ब्राइटनजवळच्या क्लेटनचा, 23 मेलेले, तो जास्त जुळतो. रेल्वेखाली माणूस तर त्याने 'डोम्बी अँड सन' कादंबरीतच मारला होता, अपघाताच्या कितीतरी वर्षं आधी.

आता तारीख खरी आहे, मान्य, 9 जून 1870 लाच गेला, पण पक्षाघाताचा झटका येऊन. गाडीची धास्तीही शेवटपर्यंत होती. तरी 1867-68 चा अमेरिका दौरा काय बैलगाडीने केला?

भाची म्हणाली, मग भूत काढू का? म्हटलं राहू दे, गोष्टीतलं आहे म्हणून सांग, पण दारू काढ आणि तिथे तो खांब मोजणारा घाल.